घरी सगळे ठीक

१२ फेब्रुवारी, मंगळवार

झाली एकदाची व्हिसाची मुलाखत! तीन तास वीस मिनिटं. पाठ मोडली, जीभ तेवढी शाबूत आहे.

साहेबांची दाढी लालभडक. आमच्या गावाकडे, जाघोरीत असते तर मेंदी लावलेले हाजी समजून लोकांनी त्यांना मशिदीत पुढच्या रांगेत बसवलं असतं. मी मनातल्या मनात त्यांचं नाव हाजीसाहेब ठेवून टाकलं. माणूस वागायला भला. आत गेल्या गेल्या पाणी दिलं आणि विचारलं — कशा आहात? घरचे कसे आहेत? भाऊ तिकडेच ना, तो कसा आहे? या देशात आल्यापासून इतकं रीतसर कुणी विचारलंच नव्हतं. मीही रीतसर उत्तर दिलं. सगळे ठीक, खुदाचा शुक्र, भाऊ ठणठणीत, कुणाला कसला त्रास नाही. तुमची तब्येत? मुलंबाळं? आईवडील बरे? गुरंढोरं? दुभाषी बाई गुरांपाशी जरा अडखळल्या. हाजीसाहेब हसले आणि टकटक टाइप करत राहिले.

मग खरं काम सुरू झालं. मुलींची शाळा, मी तिथली मोठ्या बाई, शाळेच्या दारावर चिकटवलेलं पत्र — शाळा उघडलीस तर तुझं डोकं याच दारात ठेवू. मग मुरादची गाडी काराबागच्या रस्त्यावर अडवली ते. "मास्तरणीचा भाऊ तूच ना?" बंदुकीच्या दस्त्याने दोन बरगड्या मोडल्या त्याच्या. हे सगळं सांगताना माझा आवाज नीट होता. मुरादने विमानात बसवलं ते सांगताना गेला.

तो म्हणाला होता, "आपा, कागद हातात पडेपर्यंत मागे बघायचं नाही." मी म्हणाले होते, "तुला काही झालं तर पहिल्या विमानाने परत येईन, कागद गेला चुलीत." त्यावर हसला. हसताना बरगड्या दुखल्या म्हणून मलाच शिव्या दिल्या.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

घरी फोन लागला. भावजयीने उचलला, गुलचमनने. तिला मुलाखतीचं सगळं सांगितलं. म्हटलं मुरादला दे.

"निजलाय, आपा."

तिकडे दुपारचे दोन! हा माणूस लहानपणापासून आळशी. शेरडं राखायला पाठवला की शेरडं घरी यायची, हा मागे कुठेतरी घोरत. गुलचमनला म्हटलं, उठल्यावर सांग, अस्वलंसुद्धा वसंतात उठतात. ती म्हणाली, सांगते.

१९ फेब्रुवारी, मंगळवार

आज घात झाला.

माझी वकील ब्रॉनविन. साठीची, केस पोरासारखे कापलेले, ऑफिसात सपाता घालून फिरते. आमच्यासारख्यांचं काम फुकट करते आणि जीव लावून करते. तिच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही, तिच्या बिस्किटांबद्दल आहे. पहिल्या भेटीत तिने बशी पुढे केली. मी म्हटलं, नको. शहाणं माणूस पहिल्यांदा नकोच म्हणतं! आता ती म्हणेल घ्याच, मी म्हणेन खरंच नको, ती म्हणेल माझी शपथ, मग मी अर्धं घेईन. ती "बरं" म्हणाली आणि बशी कपाटावर ठेवून दिली. तीन तास मी त्या बशीकडे बघत माझ्यावरचे अत्याचार सांगितले. या लोकांना आग्रह म्हणजे काय ते ठाऊकच नाही.

पण आजचं बिस्किटावर निभावलं नाही. माझ्या खांद्यावर आईची पिशवी होती. आईने एक अख्खा हिवाळा बसून भरलेला कशिदा, लाल आणि हिरवा, कोपऱ्यात एक टाका चुकलेला. जाघोरीहून येताना मी दोनच वस्तू आणल्या, शाळेची घंटा वाजवायचा लाकडी ठोकळा आणि ही पिशवी. ब्रॉनविन म्हणाली, किती सुंदर आहे! मी म्हटलं, तुझीच आहे, घे. एवज अलीने, आमच्या दुभाष्याने, जसंच्या तसं इंग्रजीत केलं.

आणि तिने घेतली!

डोळ्यांत पाणी आणून घेतली. म्हणाली, मला शिकवलंय, तुमच्यात भेट नाकारली तर अपमान होतो. कुणी शिकवलं हिला? अर्धंच शिकवलं! मी एवजकडे बघितलं. एवज छताकडे बघत होता.

२० फेब्रुवारी

सामान प्लास्टिकच्या थैलीतून आणलं. मर्जिया, माझी भाची, जिच्याकडे मी राहते, हसून हसून भिंतीला टेकली. "खाला, बरं झालं तिने तुझ्या डोळ्यांची तारीफ केली नाही."

२७ फेब्रुवारी, बुधवार

डँडेनाँगच्या बाजारात ब्रॉनविन दिसली. खांद्याला आईची पिशवी. पिशवीतून कांद्याची पात बाहेर आलेली आणि तळाशी काहीतरी ओलं. बहुतेक मासळी.

मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं, "पिशवी चांगली?" म्हणजे, अगं बाई, कळतंय का काही. ती म्हणाली, "रोज वापरते!"

दोघी बहिणींसारख्या गळ्यात पडलो. मासळीच होती.

५ मार्च, मंगळवार

पत्र आलं. मर्जियाने वाचून दाखवलं. पहिल्यांदा तिने वाचलं, मग मी तिच्याकडून चारदा वाचून घेतलं, शब्द बदलले नाहीत.

लिहिलंय — तुमच्या अर्जात म्हटलंय की तुमच्या भावाला तुमच्यामुळे मारहाण झाली आणि कुटुंबाला धोका आहे. मुलाखतीत तुम्ही म्हणालात, घरी सगळे ठीक, भाऊ ठणठणीत, कुणाला कसला त्रास नाही. दोन्ही खरं कसं? अठ्ठावीस दिवसांत उत्तर द्या. उत्तर पटलं नाही तर आहे त्या कागदांवर निर्णय होईल.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे! तीन तास खरं बोलले ते एका बाजूला आणि दारातला सलाम एका बाजूला. तराजूत सलाम जड झाला.

मर्जिया म्हणाली, "खाला, गुरांबद्दल काही विचारलंय का?" नंतर ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला ऐकू आलं. व्हिसा नाही मिळाला तर मला परत जावं लागेल. त्या दारात. ते दार मी स्वतः हिरवं रंगवलं होतं.

नाव नेकबख्त, म्हणजे भाग्यवान. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा!

७ मार्च, गुरुवार

ब्रॉनविनकडे. एवजही होता. तिने पत्र टेबलावर ठेवलं, चष्मा काढला.

"तुम्ही का म्हणालात सगळे ठीक आहेत म्हणून?"

"त्यांनी विचारलं कसे आहेत म्हणून."

"पण ते ठीक नव्हते."

"नव्हते."

"मग का म्हणालात?"

"मग काय म्हणणार?"

अशा आम्ही अर्धा तास फिरलो, घाण्याच्या बैलासारख्या. ती विचारते का खोटं बोललात, मी म्हणते बोललेच नाही. एवजच्या ओठांचे कोपरे हलत होते. मी म्हटलं, एवज अली, तू तरी सांग हिला, तूही आपल्याच मुलखातला, उरुझगानचा आहेस, तुझी आई नाही का असंच बोलत? तो अगदी सरळ बसून म्हणाला, "मास्तरीणबाई, दुभाष्याला आई नसते."

हेसुद्धा त्याने इंग्रजीत सांगितलं, नियम म्हणून. ब्रॉनविन गोंधळली आणि तिने त्याचं सांत्वन केलं.

१२ मार्च, मंगळवार

आजचा दिवस सोन्याचा.

गेल्या गेल्या ब्रॉनविनने बशी पुढे केली. मी म्हटलं, नको. तिने बशी उचलली. मला पत्रामुळे दोन दिवस झोप नव्हती, सकाळपासून पोटात काही नव्हतं, माझा तोलच गेला. म्हटलं, "अगं बाई, अजून दोनदा विचार की!"

एवजने सांगितलं. ब्रॉनविन बशी धरून तशीच उभी.

"दोनदा?"

मी तिला आईचं म्हणणं सांगितलं. आई म्हणायची, पहिलं उत्तर दाराला, दुसरं चहाला, तिसरं माणसाला. दारात कुणी विचारलं कशी आहेस, तर ठीक. घरात कुणी मेलेलं असलं तरी ठीक. दारात दुःख सांगणं म्हणजे पाहुण्याच्या अंगावर राख टाकणं. मग तो बसतो, चहा येतो, पुन्हा विचारतो, घरी सगळं बरं ना? तेव्हा म्हणायचं, बरं आहे, थोडं इकडेतिकडे. पेला अर्धा झाला की तो तिसऱ्यांदा विचारतो. तेव्हा खरं सांगायचं. तिसऱ्यांदा विचारतो तो आपला माणूस.

ब्रॉनविनने माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीला अडकवलेल्या पिशवीकडे. मग पुन्हा माझ्याकडे. तिचे कान लाल होत गेले, आधी टोकं, मग सगळे.

"नेकबख्त. ही पिशवी. तुम्हाला मला द्यायची होती?"

मी म्हटलं, "हो हो, तुझीच आहे."

"तुम्हाला मला द्यायची होती?"

"काय मोठंसं."

"द्यायची होती?"

"नाही," मी म्हटलं. "आईची आहे."

मग एवज अली, नियमांचा पुतळा, टेबलावर डोकं ठेवून हसायला लागला. त्याच्यामागून मी. त्यामागून ब्रॉनविन, डोळे पुसत. तिने पिशवीतून केळं, छत्री आणि कुणाच्यातरी खटल्याचे कागद काढले आणि पिशवी माझ्यासमोर ठेवली. मी हात पुढे केला तर म्हणाली, "आत्ता नाही. हा आपला पुरावा आहे."

आज तिने बिस्किटं तीनदा दिली. मी चार खाल्ली.

१८ मार्च, सोमवार

उत्तर गेलं. नऊ पानं. आईचं वाक्य त्यात आहे, इंग्रजीत, माझ्या नावासकट. अंगठा लावणारी बाई होती ती. तिला सांगितलं असतं तर म्हणाली असती, त्यांना काय करायचंय माझं बोलणं, वेडे आहेत का.

पिशवीचा फोटोही जोडलाय. त्यात मासळीचा डाग स्पष्ट आलाय.

२१ मार्च, गुरुवार

नवरोज, आमच्या वर्षाचा पहिला दिवस! सुका मेवा भिजवून सात मेव्यांचं पाणी केलं. मर्जियाने बदाम दुकानातून आणले, अमेरिकेचे, फुगलेले, बेचव. आमच्या जाघोरीचे बदाम खाल्लेल्या माणसाने असले तोंडात घालू नयेत. मी दहा खाल्ले.

घरी फोन केला. सलाम, सलाम. मुराद कुठंय? सणाला तरी उठलाय का?

"बदामांत आहे, आपा."

म्हटलं, अजून फूल तरी आलंय का झाडांना, बर्फ असेल तिकडे! करतो काय तिथे? गुलचमन म्हणाली, "असतो तिथेच." कामाला लागला म्हणायचा. बायकोने अखेर बाहेर काढला. तिला म्हटलं, शाबास, मला चाळीस वर्षांत जमलं नव्हतं. ती गप्प होती. फोनची लाइनच अशी, शब्द मधेच गिळते.

२६ मार्च, मंगळवार

हाजीसाहेबांनी पुन्हा बोलावलं, ९ एप्रिलला. ब्रॉनविन म्हणते चांगली खूण आहे.

आता माझी शिकवणी चालू आहे. रोज एकदा फोन करून ती विचारते, "कशा आहात?" आणि मी खरं सांगायचं. पहिल्या दिवशी जीभ उचलेना. लाज वाटली, भर बाजारात ओढणी उतरवल्यासारखी. दुसऱ्या दिवशी म्हटलं, गुडघा दुखतो. तिसऱ्या दिवशी जरा मोकळी झाले — गुडघा, दाढ, पोटातला वारा, शेजारचा कुत्रा, मर्जियाचा नवरा बेकरीतून येतो तेव्हा त्याच्या पायमोज्यांचा वास. ब्रॉनविन म्हणाली, इतकंही नको.

५ एप्रिल, शुक्रवार

आज शिकवणीत म्हणाले, भीती वाटते. एवढंच. थोड्या वेळाने तिने फोन ठेवला.

९ एप्रिल, मंगळवार

सगळं लिहून ठेवते.

खोली तीच, दुभाषी बाई त्याच. ब्रॉनविन माझ्या शेजारी, पिशवी टेबलावर. हाजीसाहेब आत आले, डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. बसले. म्हणाले, "कशा आहात?"

पाठ केलेलं सगळं जिभेवर होतं, गुडघ्यापासून. पण माझ्यात जो सैतान आहे, ज्याच्यामुळे आईने मला लवकर उजवून टाकलं, तो जागा झाला. मी म्हटलं, "मी सांगते. आधी तुम्ही सांगा, तुम्ही कसे आहात?"

"छान, धन्यवाद."

"दुभाषी बाई, तुम्ही?" बाईंचं नाक लाल होतं, हातात रुमालांचा गोळा. त्या शिंकल्या आणि म्हणाल्या, छान.

मी म्हटलं, "साहेब, तुमचा हात मोडलाय. बाईंना ताप आहे. आणि तुम्ही दोघंही छान. लिहून घेऊ का?"

ब्रॉनविनने डोळे मिटून घेतले. मला वाटलं मेले, एवढा महिनाभराचा खटाटोप या जिभेने पाण्यात घातला. हाजीसाहेबांनी प्लास्टरकडे बघितलं. मग दाढीतल्या दाढीत हसायला लागले. म्हणाले, सायकलवरून पडलो. खूप दुखतं. झोप लागत नाही. बाई म्हणाल्या, मला खरं तर घरी जायचंय. आम्ही तिघांनी एकमेकांची नीट चौकशी केली. त्यानंतर कामाला लागलो.

त्यांनी नऊ पानं वाचली होती, पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. पिशवीची गोष्ट पुन्हा माझ्याकडून ऐकली. म्हणाले, "म्हणजे मी तीनदा विचारायला हवं होतं?"

"आणि चहा द्यायला हवा होता," मी म्हटलं. "तुम्ही पाणी दिलं."

हेही त्यांनी टाइप केलं.

मग शाळा पुन्हा, पत्र पुन्हा, काराबाग पुन्हा, घरचे फोनही. दोन तास. काही राहिलं नाही. शेवटी त्यांनी कागद सारखे केले आणि अगदी सहज विचारलं, त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, नुसतं समजून घ्यायचं होतं.

"एक सांगा. तुमची भावजय फोनवर म्हणते, भाऊ ठीक आहे. तेव्हा तुम्ही कितीदा विचारता?"

दुभाषी बाईंनी सांगितलं. मी ऐकलं. मला वाटतं मी म्हटलं, एकदा.

बाहेर आल्यावर ब्रॉनविनने पिशवी पुढे केली. घ्या. नको. घ्या. नको. घ्या. घेतली. ती खूश होती, रस्त्यात नाचायचीच बाकी होती. घरी आल्यावर पिशवी खिळ्याला अडकवली आणि तिच्याकडे बघत बसले.

१० एप्रिल

फोन केला नाही.

३ मे, शुक्रवार

केला फोन. सलाम, कशी आहेस, पोरं कशी आहेत. ठीक, ठीक. मुराद? ठीक आहे, आपा. निजलाय.

मी लगेच हवापाण्याचं विचारलं. इतक्या घाईने विचारलं की मलाच कळलं का विचारतेय ते.

मर्जियाला म्हटलं, तिकडे दुपार होती. ती म्हणाली, रमजान येतोय, आधीच झोप काढून ठेवत असेल. दोघी हसलो. मी शिकवायचे तेव्हा एक मुलगी होती, उत्तर येत नसलं की पेन्सिलीला टोक करत बसायची. तिला मी फार ओरडायचे.

५ जून, बुधवार

ईद. नवे कपडे, मर्जियाच्या घरी पंचवीस माणसं, बटाटा भरलेल्या बुलानी तळून तळून माझे हात भाजले. एवज अलीही आला होता, बायकोसकट. कळलं की त्याला आई आहे, चांगली खणखणीत, ब्याऐंशी वर्षांची. तीही आली होती. तिने मला विचारलं, बाई कशी आहेस? म्हटलं ठीक. खाली बसून पुन्हा विचारलं. म्हटलं थोडं इकडेतिकडे. तिने तिसऱ्यांदा विचारायच्या आत मी ताटं उचलायला उठले.

घरी फोन केला. दोनदा विचारलं. दोन्हीदा ठीक.

तिसऱ्यांदा विचारायची माझी छाती झाली नाही. हे इथे लिहिते, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

१८ जून, मंगळवार

मिळाला!

ब्रॉनविन स्वतः घरी आली, सपाता घालून. गाडीतून उतरतानाच तिच्या तोंडावरून कळलं. मर्जिया किंचाळली, शेजारचा कुत्रा भुंकला, माझा गुडघा त्या क्षणापुरता बरा झाला. कागदावर माझं नाव आहे, जन्मतारीख एक जानेवारी, अर्थातच. खरी तारीख कुणालाच ठाऊक नाही, म्हणून आमच्या सगळ्यांचीच एक जानेवारी. एक जानेवारीला अख्खं डँडेनाँग म्हातारं होतं.

मी राहू शकते. कुणी मला त्या दारात परत पाठवू शकत नाही. हे वाक्य मी पुन्हा लिहिते. कुणी मला परत पाठवू शकत नाही.

ब्रॉनविनला विचारलं, काय देऊ तुला? म्हणाली, काही नको. मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा म्हणाली, तसलीच पिशवी, पण तुम्ही नवी भरलेली. बघा! माणूस खरं बोलतं, विचारणाऱ्याला दम हवा. उद्या लाल आणि हिरवा दोरा आणते.

१९ जून, बुधवार

कागद हातात आहे. आता मागे बघायला हरकत नाही, त्यानेच सांगितलं होतं.

संध्याकाळी हिरवा चहा केला, वेलदोडा घालून. मर्जियाला बाजारात पाठवलं. फोन लावला. गुलचमनला म्हटलं, मिळाला व्हिसा. ती रडली. रडू दिलं. मग म्हटलं, घरी सगळे ठीक?

"ठीक, आपा."

म्हटलं, समोवार पेटलाय? चहा घे ओतून. मीही घेतलाय. बस खाली. फोन मांडीवर ठेव. ती बसलेली मला ऐकू आली. पेल्याचा आवाज आला.

म्हटलं, मुराद कसा आहे?

"ठीक आहे. थोडं इकडेतिकडे."

माझा चहा अर्धा झाला. तिचाही झाला असेल. मी म्हटलं, गुलचमन, माझी बाय, मुराद कसा आहे?

तिने सांगितलं.

मी विमानात बसले त्याच्या आठव्या दिवशी. तोच काराबागचा रस्ता. गाडी गझनीला चालली होती, मुलाच्या औषधासाठी. अडवून त्याला उचलून नेला. माणसांनी चौथ्या दिवशी खाटेवर घालून आणला. बाबांच्या कबरीशेजारी ठेवला, बदामांत. उचलून नेला तेव्हा नाही, त्याच्या आधीच, मी गेले त्याच संध्याकाळी त्याने तिला सांगून ठेवलं होतं. माझं काही झालं तर आपाला कळता कामा नये, ती वेडी आहे, परत येईल. कागद होईपर्यंत मी ठीक आहे.

गुलचमन म्हणाली, "मी एकदाही खोटं बोलले नाही, आपा. निजलाय म्हटलं. बदामांत आहे म्हटलं. तुम्ही विचारलंच नाहीत."

मी त्याला अस्वल म्हटलं होतं. उठव म्हटलं होतं.

पहिल्या मुलाखतीत मी हाजीसाहेबांना म्हणाले, भाऊ ठणठणीत. तेव्हा त्याला जाऊन सात आठवडे झाले होते.

२१ जून, शुक्रवार

ब्रॉनविनचा फोन आला. विचारलं, कशा आहात?

एकदाच विचारलं. मी म्हटलं, ठीक नाही.